गाडीची गळती



“रोज थोडे पाणी घातले की भागते,” असे ज्या वस्तूविषयी मनुष्य म्हणू लागतो, ती वस्तू बिघडली आहे हे त्यास मनातून ठाऊक असते. हे आम्ही अनुभवाने सांगत आहोत, आणि तो अनुभव आम्हांस भूषणावह नाही.

आमच्याकडे अठरा वर्षांची एक सात आसनी मिनिव्हॅन आहे. आईचे वय ब्याऐंशी. तिचे गुडघे वाकत नाहीत. या गाडीचे दार बाजूला सरकते आणि पायरी ठेंगणी, म्हणून तिला चढणे सोपे जाते. दिमोनाहून अश्दोदला लग्न असो की लोदला ब्रिथ मिला, आमचे सारे कुटुंब हिच्यातूनच जाते.

गत उन्हाळ्याच्या आरंभी गाडीखाली हिरवट ओघळ दिसू लागला. त्यास गोडसर वास होता. रेडिएटर गळत होता, हे कळावयास तज्ज्ञ नको होता. परंतु मुसाखवाला काय रक्कम सांगेल या धास्तीने आम्ही रोज सकाळी, सौभाग्यवती उठण्यापूर्वी, गुपचूप बाटलीभर नळाचे पाणी ओतू लागलो. कूलंटचा रंग दिवसेंदिवस फिका होत गेला. काटा मध्यावर आहे ना, मग झाले, अशी आम्ही मनाची समजूत घातली. गृहपाठातील चूक बोटाखाली झाकणाऱ्या विद्यार्थ्यास आम्ही तीस वर्षे रागावत आलो आहोत. स्वतःच्या बोटाकडे मात्र आमचे लक्ष गेले नाही.

एका शुक्रवारी आईच्या गुडघ्यांसाठी तिला मृत समुद्रावर, एन बोकेक येथे नेले. ती जागा समुद्रसपाटीच्या सुमारे ४०० मीटर खाली, आणि परतीच्या वाटेवरील अराद सुमारे ६०० मीटर उंचावर. म्हणजे सुमारे १,००० मीटरांचा चढ, तोही ऐन उन्हाळ्यातील दुपारी दोन वाजता. अर्धा घाट चढलो नाही तोच काटा तांबड्या रेघेकडे सरकला. वातानुकूलन बंद करून आम्ही हीटर पूर्ण सोडला. त्यायोगे इंजिनाची थोडी उष्णता बाहेर पडते. त्या उकाड्यात आईच्या तोंडावर तप्त वारा येऊ लागला. तिने पदराने घाम पुसला, पण चकार शब्द काढला नाही. अखेर पुढून वाफेचा लोट उठला आणि आम्ही गाडी कडेला घेतली.

घाईने उतरून, हातरुमाल घेऊन, आम्ही रेडिएटरच्या झाकणास हात घातला. तोच खिडकीतून आई ओरडली, “अरे, कुकराची वाफ जिरल्याशिवाय झाकण काढतोस होय? हात मागं घे आधी!”

हात मागे आला. आणि मग अंगावर काटा आला. कारण हाच धडा आम्ही दरवर्षी आठवीच्या वर्गात शिकवितो. दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. रेडिएटरचे झाकण सुमारे १ बार दाब धरून ठेवते; घरच्या कुकरातही जवळजवळ तितकाच दाब असतो. त्या दाबाखाली पाणी १२० अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण निघताच दाब नाहीसा होतो आणि ते सारे पाणी क्षणात उकळून तोंडावर उसळते. अध्यापनाचे रीतसर शिक्षण आम्ही घेतले. आईची शाळा चौथीनंतर सुटली. परंतु त्या क्षणी धडा तिलाच आठवला.

इंजिन निवेपर्यंत तासभर थांबणे भाग होते. शब्बाथची बत्ती लावावयाची वेळ डोळ्यांपुढे होती. मान खाली घालून आम्ही महिनाभराचा प्रकार आईस सांगितला. ती म्हणाली, “मला ठाऊक आहे. तू वरून पाणी घालत होतास, नि मी खाली वाळू टाकत होते. मांजरं चाटायला यायची.”

वाचकहो, कूलंटमधील इथिलिन ग्लायकॉल चवीस गोड, पण विषारी असते. थोडेसे चाटूनही मांजर मरते. लहान मुलासही त्यापासून धोका असतो. आई कढीपत्त्याच्या कुंडीस पाणी घालण्यास सकाळी उतरे, तेव्हा काठी टेकीत हे काम करीत होती. “मग बोललीस का नाही?” आम्ही विचारले. “तू सांगशील म्हणून वाट बघत होते,” एवढेच ती म्हणाली.

एका बदू गृहस्थाने आपली पिकअप थांबविली. आईला त्याने आपल्या थंड गाडीत बसविले आणि पाण्याचा कॅन दिला. इंजिन निवल्यावर ते पाणी हळूहळू ओतले. तापल्या इंजिनात एकदम गार पाणी ओतल्यास धातूस तडा जातो. तो सद्गृहस्थ अरादपर्यंत आमच्या मागे आला. तेथे गाडी सोडून, भाच्याच्या मोटारीतून, बत्तीपूर्वी अर्धा तास आम्ही घरी पोहोचलो.

रविवारी गाडी मुसाखात ओढून नेली. कारागिराने झाकणाच्या जागी हातपंप बसवून दाब दिला, तशी टाकीच्या जोडातून बारीक धार सुटली. आमच्या लहानपणी कोकणात तांब्याच्या हंड्याला डाग देत, तसा येथे देता येईल काय, असे आम्ही विचारले. तो हसला. जुने रेडिएटर तांब्या-पितळेचे असत, त्यांस डाग देता येई. आता जाळी ॲल्युमिनियमची आणि टाक्या प्लॅस्टिकच्या. उष्णतेने प्लॅस्टिक ठिसूळ झाले की बदलण्याशिवाय उपाय नाही. गळती बुजविणारे औषध स्वस्तात मिळते, पण ते हीटरच्या बारीक नळ्याही बुजविते, असे तो म्हणाला. आमच्या नळाच्या पाण्याने साचलेला पांढरा क्षारही त्याने दाखविला.

अखेर नवा रेडिएटर, नवे झाकण, थर्मोस्टॅट आणि रबरी नळ्या घातल्या. निम्मे कूलंट व निम्मे शुद्ध पाणी भरले, हीटर चालू ठेवून आतील हवा काढली. गिअरबॉक्सचे तेलही याच रेडिएटरातून थंड होते, म्हणून तेही तपासले. रक्कम शिक्षकाच्या वेतनास बोचणारी होती. परंतु इंजिनाचा माथा वाकला असता, तर गाडी भंगारातच गेली असती. सौभाग्यवतींस सर्व हकीकत सांगितली. त्यांचे बोलणे येथे देत नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या दारी जुन्या गाड्या आहेत. त्यांच्याखाली एकदा पाहावे, इतकीच विनंती. आमच्या गाडीखालची जमीन आता कोरडी आहे. आई मात्र अजून रोज सकाळी काठीने ती चाचपून पाहते, आणि आम्हीही तिच्याजवळ जाऊन उभे राहतो.