शेरा

परवा धाकट्या बहिणीची दवाखान्याची फाईल नीट लावत बसलो होतो. त्यात एक पिवळी पडलेली चिठ्ठी हाताला लागली. १९७९ सालची. वर एकच शब्द, हिस्टेरिया. खाली लिहिलेलं, शरीरात दोष नाही.

तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. आमचा भाग भंडारा जिल्ह्यात होता (गोंदिया वेगळा झाला तो १ मे १९९९ ला). रोवणीच्या दिवसांत बांधीतल्या थंड पाण्यात दिवसभर राबली की रात्री हाडं आणि पाठ अशी दुखायची की ती किंचाळायची. दोन-चार दिवसांनी पुन्हा बरी. अंगावर जखम नाही, काही नाही. लोक म्हणायचे, कामचुकार आहे पोरगी. शहरातल्या एका डॉक्टरांनी तो शब्द लिहून दिला आणि विषय संपला.

"खरंच दुखते रे दादा," ती म्हणायची. मी नुकताच मास्तर झालेलो, घरातला शिकलेला. मी तिच्यापेक्षा कागदावर विश्वास ठेवला.

पुढे जिथे जिथे गेलो, तिथे हीच फाईल इमानेइतबारे पुढे केली. डॉक्टर पहिलं पान वाचायचे, तिच्याकडे एकदा बघायचे आणि झोपेचं इंजेक्शन द्यायचे. अशी तीस वर्षं गेली! मग भाचीच्या लग्नाआधी तिचं रक्त तपासलं, तर ती सिकलसेलची वाहक निघाली. म्हणून आईचंही तपासलं. रिपोर्ट आला, एसएस. म्हणजे पूर्ण आजार.

या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. थंडी, अतिश्रम, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी दुखणं उसळतं. रोवणीत आणखी काय होतं? आमच्या पूर्व विदर्भात हा आजार नवा नाही. तरीही रक्ताचा एक थेंब तपासायचं कुणाला सुचलं नाही, कारण उत्तर आधीच लिहिलेलं होतं ना!

तुम्ही म्हणाल, झालं गेलं. पण गेल्या हिवाळ्यात तिला रात्री दवाखान्यात न्यावं लागलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फाईल चाळली, त्या चिठ्ठीपाशी थांबले आणि मला विचारलं, "आजींना मानसिक त्रास आहे का?" तिने ऐकलं आणि ती कण्हायची थांबली. सहासष्ट वर्षांची बाई, ओठ दाबून गप्प पडून राहिली. ते मला विसरता येत नाही.

मानसिक आजार असणं ही लाजेची गोष्ट नाही. पण नसलेल्या आजाराचं नाव लागलं की असलेल्या आजाराचा उपचार अडतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात म्हटलंय की पूर्वी कधी उपचार झाले होते, एवढ्यावरून आज कुणाला मनोरुग्ण ठरवता येत नाही. स्वतःची कागदपत्रं मागण्याचा हक्कही त्यात दिलाय. पण रात्री दोन वाजता कायदा कोण वाचतो?

शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात चूक झाली तर आम्ही पान फाडत नसू. चुकीवर आडवी रेघ, शेजारी तांबड्या शाईने बरोबर नोंद, खाली हेडमास्तरांची सही. म्हणून त्या चिठ्ठीवर मी रेघ मारली. तिच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून आजाराचं नाव, रिपोर्टची तारीख, काय द्यायचं असं एक पान सहीनिशी लिहून घेतलं आणि फाईलच्या सगळ्यात वर लावलं.

बहिणीला दाखवलं. म्हणाली, "तू मास्तरच राहिलास दादा. चाळीस वर्षं उशिरा पेपर तपासलास."

असो. मंडळी, तुमच्याही घरच्या फायली एकदा उघडून बघा. पहिल्या पानावर कुणाचा शेरा आहे आणि तो अजून खरा आहे का, एवढंच.