डहाणूकडे जाणारी लोकल

चर्चगेटपासून डहाणू रोडपर्यंतचें अंतर सुमारें १२४ किलोमीटर आहे. एवढा प्रवास लोकलनें करावयाचा म्हणजे जवळजवळ तीन तासांची बैठक हवी, आणि बैठकीच्या आधीं जागा हवी! तरीही मुंबईकरानें आयुष्यांत एकदां तरी या गाडीनें शेवटच्या स्थानकापर्यंत जावें, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

विरारपर्यंतचा भाग बहुतेकांच्या परिचयाचा आहे. १८६७ च्या एप्रिलांत विरारहून मुंबईस दिवसांतून एक गाडी जाऊं येऊं लागली. विजेची गाडी १९२८ सालीं बोरिवलीस व १९३६ सालीं विरारास पोंचली. आतां मिनिटामिनिटांस गाड्या सुटतात, आणि तरीही त्या अपुऱ्याच पडतात. चिमाजीअप्पांनीं १७३९ सालीं जिंकलेली वसई याच वाटेवर लागते. पुढचें नालासोपारें म्हणजे प्राचीन शूर्पारक. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं तेथील स्तूप उकरून काढला. परंतु दारांत लोंबकळणाऱ्या गृहस्थास शूर्पारकाचें स्मरण कोठून व्हावें? त्याचें सारें चित्त पायाखालच्या चार बोटें जागेवर खिळलेलें असतें.

विरार मागें पडलें कीं डब्यांतील हवा बदलते. इमारती विरळ होतात, मिठागरें व भातखाचरें दिसूं लागतात, आणि उजव्या हातास डोंगर सोबत करितात. वैतरणा स्थानकानंतर रूळ खाडीवर येतात. भरतीच्या वेळीं पुलावरून जातांना दोहों बाजूंस पाणीच पाणी! प्रवाशाला हा देखावा मोठा रमणीय वाटतो. मात्र खाडीनें वेढलेल्या वाढीव गांवच्या लोकांस याच रेल्वेपुलाच्या कडेनें पायीं चालत स्टेशन गांठावें लागे, हें ध्यानीं आलें म्हणजे तो तितका रमणीय राहत नाहीं. पोटाच्या मागें जाणाऱ्यांनीं व शाळकरी मुलांनीं धडधडत येणाऱ्या गाडीस अंग चोरून वाट द्यावी, आणि आपण खिडकींतून निसर्गाचें कौतुक करावें, हा विरोध मनास बोंचल्यावांचून राहत नाहीं.

हा मार्ग किनारपट्टीचा खरा, पण गाडींतून समुद्र दिसेल या आशेनें कोणी बसूं नये. केळवे रोड, डहाणू रोड या नांवांतील ‘रोड’ हा शब्दच सांगतो कीं, गांव आणि समुद्र येथून आणखी पुढें आहेत. पालघरास उतरून सातपाटीस जावें, तेव्हां कोळ्यांच्या होड्या दिसतात. तेथील पापलेटें टोपल्यांतून स्टेशनावर येतात. शाकाहारी प्रवाशानें नाकास रुमाल लावण्यापूर्वीं, ती टोपली वाहणारी बाई पहांटे किती वाजतां उठली असेल याचा थोडा विचार करावा. याच पालघरांत १४ ऑगस्ट १९४२ रोजीं गोळीबारांत पांच तरुण हुतात्मे झाले. गांवांत त्यांचें स्मारक आहे.

लोकल थेट डहाणूपर्यंत धांवूं लागली ती १६ एप्रिल २०१३ पासून. तत्पूर्वीं या पट्ट्यांतील चाकरमान्यांस शटलवर किंवा मेलगाड्यांवर विसंबावें लागे व बहुधा विरारास गाडी बदलावी लागे. सोय झाली, यांत शंका नाहीं. परंतु विरारपर्यंत चार मार्ग असून पुढें मात्र दोनच. त्यांवरूनच गुजरातेकडील मेल, मालगाड्या आणि लोकल यांची ये-जा. मेल आली कीं लोकलनें बाजूस उभें राहावयाचें. येथेंही चार मार्ग करण्याचें काम हातीं घेण्यांत आलें आहे.

सोय आली कीं तिच्या पाठोपाठ घरें येतात. विरारचें काय झालें तें आपण पाहिलेंच आहे. डहाणूस अद्याप चिकूच्या वाड्या आहेत. इराणी व पारशी बागाईतदारांनीं त्या पुष्कळ वाढविल्या. डहाणू-घोलवडच्या चिकूस २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. १९९१ सालीं केंद्र सरकारनें हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर करून उद्योगांवर निर्बंध घातले, आणि पुढें सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ सालीं न्यायमूर्ति चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखालीं एक प्राधिकरण नेमण्यांत आलें. वाड्या टिकल्या त्यांत या निर्बंधांचा वांटा मोठा आहे, असें आम्हांस वाटतें. आतां वाढवण येथें प्रचंड बंदर व्हावयाचें आहे. ३० ऑगस्ट २०२४ रोजीं त्याची पायाभरणी झाली. मच्छिमारांनीं त्यास कडाडून विरोध केला आहे. बंदरास माणसें लागतील, माणसांस घरें लागतील, आणि हीच लोकल त्यांस आणील.

डहाणूस उतरल्यावर स्टेशनाबाहेर चिकूच्या पाट्या मांडून बसलेल्या बायकांकडून दोन डझन चिकू घ्यावेत. मुंबईच्या बाजारांतल्यापेक्षां ते कांहीं निराळेच लागतात. परतीच्या गाडींत येथें जागा मिळण्याचा पुष्कळ संभव असतो. पिशवी मात्र मांडीवरच ठेवावी, कारण विरारास गर्दी चढली म्हणजे खालीं ठेवलेल्या चिकूंचें शिकरण व्हावयास वेळ लागत नाहीं.