ठिगळ

लग्नानंतर ओहायोत आले, तेव्हा बॅगेत एम.ए.ची गुणपत्रिका आणि सहा वर्षं मराठी शिकवल्याचा शाळेचा दाखला होता. एच-फोर व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, त्यामुळे दोन्ही कागद बॅगेतच राहिले. मंडळात कुणी "सध्या काय करतेस?" असं विचारलं, की मी "घरीच" म्हणून बटाटेवड्यांकडे वळते.

यंदा एप्रिलमध्ये घराबरोबर मिळालेला, बसून चालवायचा जुना मोवर गराजमधून बाहेर काढला आणि खालून पत्र्याचे पोपडे गळाले. पात्यांवरचं पोलादी झाकण, म्हणजे डेक, गंजून त्याची चाळण झाली होती. कापलेलं ओलं गवत आतून चिकटतं, ओल धरून ठेवतं आणि पत्रा सडतो. ते खरवडायचं असतं, हे आम्हा फ्लॅटमध्ये वाढलेल्यांना कुठे ठाऊक? नव्या डेकची किंमत ऐकून नवरा म्हणाला, "टाकून देऊ."

शेजारचे आजोबा कारखान्यातून वेल्डर म्हणून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "टाकता कशाला? तुला वेळ आहे ना, शीक." वेळ तेवढा माझ्याकडे होताच.

आधी बॅटरी सोडवली, डेक उतरवून उलटा केला. खरवडण्यात आणि तारेच्या ब्रशने घासण्यात दोन दिवस गेले. भोकाभोवतीचा पत्रा दिसायला धड, पण हातोडीने ठोकला की बद्द वाजायचा. खणखणीत वाजेपर्यंत मागे कापत गेलो, कारण सडक्या पत्र्यावर टाका धरत नाही. मग पुठ्ठ्याचा नमुना करून दोन मिलिमीटर पत्र्याचं ठिगळ कापलं. ठिणगीने सिंथेटिक कापड वितळून अंगाला चिकटतं, म्हणून नवऱ्याची जीन्स आणि जुना सुती शर्ट चढवला. वर चामड्याचे हातमोजे आणि काळ्या काचेचा मुखवटा. मुलगा हसून लोळला.

पहिल्याच टाक्याला पत्र्याला भोक पडलं. मी गन आजोबांपुढे केली. त्यांनी हात खिशात घातले.

"काय चुकलं असेल?"

"एका जागी फार थांबले."

"मग?"

पुढचा टाका समोरच्या बाजूला घातला, तोवर पहिला निवला. असं आलटूनपालटून केलं, की पातळ पत्रा वाकत नाही. दुपारभर आजोबा तसेच उभे होते, हात खिशात.

रात्री झोप येईना. फळ्यापाशी अडखळणाऱ्या मुलाच्या हातातला खडू घेऊन मीच वाक्य पुरं करायचे. वर्ग मोठा, तास लहान, हे खरं. पण ते मूल मान खाली घालून जागेवर जायचं, हेही खरं. सहा वर्षांत ते मला दिसलं नव्हतं.

ठिगळ ओबडधोबड आहे, प्रायमर आणि रंग देऊनही कळतं. गवत मात्र नीट कापलं जातं, आणि प्रत्येक वेळी मी डेक खालून खरवडते.

सप्टेंबरपासून मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला जाते. परवा एक मुलगी 'ज्ञानेश्वर' वाचताना पहिल्याच अक्षरावर अडली. उत्तर माझ्या जिभेवर आलं होतं. थांबले. तिला बराच वेळ लागला, पण तिनेच वाचलं.