शाईचा हिशेब

परवा प्रिंटरने पुन्हा शाई संपल्याचा दिवा लावला आणि माझं डोकं फिरलं. आत्ता तर कार्ट्रिज बदललं होतं! प्रिंटर स्वस्तात विकायचा आणि पुढे जन्मभर शाईतून वसुली करायची, असा हा धंदा.

मग मी हात धुऊन मागे लागलो. ड्राफ्ट मोड लावला. रंगीत शाई बंद केली, कारण नुसती काळी अक्षरं छापतानाही बरेच प्रिंटर गुपचूप रंगीत शाई मिसळतात. प्रिंटर भिंतीवरच्या बटणाने नाही, त्याच्या स्वतःच्या बटणाने बंद करायचा हेही शिकलो. तसं केलं की हेड जागेवर जाऊन झाकलं जातं, शाई वाळत नाही. वाळली की क्लीनिंग करा, आणि त्यात एकही अक्षर न छापता शाई खलास.

२००८ मध्ये नेदरलँडमधल्या एका कंपनीने शाई वाचवायला अक्षरांना बारीक भोकं पाडून 'इकोफॉन्ट' काढला होता. म्हटलं, आपल्याकडे शिरोरेघच उडवली तर? गुजरातीचं कुठे अडतंय! (मोडीत तर आधी पानभर रेघ आखून मग अक्षरं लिहायचे. आमच्यासारख्या चिकटांना झेपलं नसतं.)

असो. माझी छपाई म्हणजे मुख्यतः बाबांच्या आठवणी. ते वहीत लिहितात, मी टाईप करतो, छापलेल्या पानांवर ते दुरुस्त्या करतात. वय ७९, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय.

रविवारी त्यांनी पानं परत दिली. चौथ्या पानापासून दुरुस्त्या जवळजवळ नव्हत्याच. नीट पाहिलं तर त्यांनी माझी फिकट अक्षरं बॉलपेनने गिरवली होती. ओळीच्या ओळी. आजीच्या आजारपणाचं ते प्रकरण. शेवटी शेवटी पेनही फिकट झालं होतं.

"अहो बाबा, दिसत नव्हतं तर सांगायचं ना!"

"तू शाई महाग म्हणत होतास. आणि मीच लिहिलंय, अंदाजाने कळतं."

त्याच दुपारी नवीन कार्ट्रिज आणलं, ड्राफ्ट मोड काढला, अक्षर १८ पॉइंटचं केलं. सगळं पुन्हा छापलं. बाबांनी पानं खिडकीशी न नेता, खुर्चीतच बसून वाचायला घेतली.

"एवढं ठळक कशाला रे?" असं म्हणाले, आणि पान उलटलं.