चार, दोन, एक, अर्धा!

चार सेंटिमीटर. मग दोन. मग एक. मग अर्धा! वाळूजच्या एका गॅरेजात तेल गळणाऱ्या शॉकअपची बाइक उभी होती. मेकॅनिकने मागचं सीट दाबून सोडलं, मी मागे फूटपट्टी उभी करून मोबाइलवर स्लो मोशन घेतलं आणि थक्क झालो. प्रत्येक हेलकावा आधीच्याच्या निम्मा! जोरात दाबा, हळू दाबा, गुणोत्तर जवळपास तेच. एका हेलकाव्याला लागणारा वेळही तोच!

आत असतं काय, तर स्प्रिंग, तेल आणि तेलातून वरखाली होणारा छिद्रांचा पिस्टन. स्प्रिंग गाडीला मूळ जागी ओढते, गाडीचं वस्तुमान ती जागा ओलांडून पुढे जातं, आणि तेल प्रत्येक फेरीत थोडी ऊर्जा खाऊन उष्णतेत बदलतं. तेलाचा विरोध साधारण वेगाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून घट ठरावीक सेंटिमीटरची नसते, ठरावीक पटीची असते. केवढी देखणी गोष्ट आहे ही! (अगदी शेवटी मात्र सीलचं कोरडं घर्षण जिंकतं आणि गाडी ठप्प थांबते.)

आणि स्प्रिंग? भाराने ती एकूण 5 सेंटिमीटर दबली असेल, तर गाडी सेकंदाला साधारण 2.2 वेळा हलणार. वजन विचारू नका, स्प्रिंगचा कडकपणा विचारू नका, फूटपट्टी पुरते!

निम्म्याने घट म्हणजे अवमंदन गुणोत्तर, म्हणजे हेलकावे किती लवकर विझतात ते सांगणारा आकडा, सुमारे 0.11. ते 1 झालं की गाडी एकदाही न डोलता जागेवर येते. मग थेट 1 च का ठेवत नाहीत? कारण तेल एवढं अडवू लागलं तर खड्ड्याचा धक्का सरळ पाठीत बसेल. 0.3 धरा: चार सेंटिमीटरनंतरचा हेलकावा जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा उरतो. आराम आणि पकड यांचा सगळा सौदा या एका आकड्यात!

आणि हे कुठे कळावं, तर वाळूजमध्ये! बजाजचा कारखाना इथे 1985 मध्ये सुरू झाला आणि दुचाकींचे शॉकअप बनवणाऱ्या एन्ड्युरन्सचं मुख्यालयही इथलंच.

आता उंच खांबांवरचा जलकुंभसुद्धा मला तसाच दिसतो: वर वस्तुमान, खाली स्प्रिंगसारखे खांब. भरला की सावकाश डोलणार, रिकामा झाला की लवकर. 30 सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप मराठवाडा विसरलेला नाही; भूकंपात इमारतीही अशाच डोलतात, आणि आपली भूकंपविषयक मानकं इमारतींसाठी हेच गुणोत्तर सहसा 0.05 धरतात. म्हणजे त्या गळक्या शॉकअपच्याही निम्म्याहून कमी!

तुमच्या बाइकचं मागचं सीट आजच दाबून सोडा आणि मोबाइलवर टिपा. दुसरा हेलकावा पहिल्याच्या निम्मा भरला, तर गाडी तडक मेकॅनिककडे न्या.