कृष्णाकाठचे मेण

सांगलीच्या आयर्विन पुलावरून कृष्णेचे संथ पात्र न्याहाळून आपण उगमाच्या दिशेने निघालात, तर कऱ्हाडला कोयना भेटते, साताऱ्यापुढे वाईचे दगडी घाट लागतात, आणि पसरणीचा घाट चढून पाचगणी ओलांडली की हवेचा स्पर्शच पालटतो. महाबळेश्वरच्या बाजारात पर्यटक स्ट्रॉबेरी घेतात, मधाच्या बाटल्या घेतात. मेणाची चौकशी मात्र क्वचितच कोणी करतो. वाचकहो, पुढच्या खेपेस ती आपण अवश्य करावी.

कारण खाली सांगलीच्या शिवारात त्याची गरज आहे. हिवाळ्यात विजेच्या पाळीनुसार रात्री उसाला पाणी पाजणाऱ्यांचे पाय तासन्‌तास चिखलात असतात आणि दिवसा कोरड्या वाऱ्यात सुकतात. भिजणे आणि सुकणे यांच्या या फेऱ्यांनी टाचा फाटतात. घरातल्या आजींच्या टाचांनाही, वयोमानाने त्वचेतील स्निग्धता घटल्यामुळे, भेगा पडतात. मधुमेह असेल तर अशी भेग किरकोळ समजू नये. पायाची संवेदना मंदावल्याने जखम कळत नाही, आणि त्या चिरेतून जंतुसंसर्ग आत शिरतो.

मेण हे औषध नव्हे, आवरण आहे. त्वचेतील ओलावा उडून जाऊ न देणे, एवढेच त्याचे काम. पण ते काम ते चोख करते. आयुर्वेदात त्याला मधूच्छिष्ट किंवा सिक्थ म्हणतात, आणि तीळतेलात मेण वितळवून केलेले सिक्थतैल हा अनेक मलमांचा पाया आहे.

महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव १६ मे २०२२ रोजी देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालयही महाबळेश्वरातच आहे. या डोंगरांत जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर सातेरी मधमाश्या लाकडी पेट्यांत नांदतात. तरुण कामकरी माशीच्या पोटाखालील ग्रंथींतून मेणाचे पातळ पापुद्रे पाझरतात आणि त्यांचेच पोळे होते. मधयंत्रात पोळे न मोडता मध निघतो आणि रिकामे पोळे माश्यांना परत दिले जाते. म्हणून मेण मुळात थोडेच हाती येते, आणि म्हणूनच त्यात भेसळीचा मोह होतो.

खरेदी करताना रंग पाहावा. मधाने भरलेल्या घरांवरची झाकणे काढून मिळणारे मेण फिकट पिवळे आणि सुवासिक असते. ओठांसाठी, त्वचेसाठी ते उत्तम. जुन्या, पिल्ले वाढलेल्या पोळ्यांचे मेण काळपट असते. शुद्ध मेणाला मधाचा मंद गंध येतो आणि हातात मळल्यावर ते मऊ होते. जुन्या वडीवर पांढरट साय धरली असेल तर ती बुरशी समजू नये. किंचित ऊब दिली की ती जाते. खनिज तेलापासून केलेले पॅराफिन गंधहीन आणि अर्धपारदर्शक असते.

निवडीचा दुसरा निकष हवामानाचा, आणि तो सर्वांत नेमका जाणतात बर्फावर खेळणारे. हिवाळी सहलीत गुलमर्ग किंवा औलीला गेलेल्यांनी स्कीच्या तळाला इस्त्रीने मेण लावताना पाहिले असेल. कडाक्याच्या थंडीत बर्फाचे कण कठीण आणि टोकदार असतात. ते मऊ मेणात रुततात, म्हणून तेथे टणक मेण लागते. बर्फ ओलसर झाला की मऊ आणि पाणी झिडकारणारे मेण घेतात. पूर्वी या मिश्रणांत मधमाशीचे मेणही असे. पुढे वेगाच्या हव्यासापायी फ्लोरिनयुक्त मेणे आली. त्यांतील रसायने शरीरात आणि पाण्यात दीर्घकाळ टिकून राहतात. अखेर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने २०२३-२४च्या हंगामापासून स्पर्धांतून ती हद्दपार केली. भाड्याने स्की घेताना दुकानदाराला साधे, फ्लोरिनविरहित मेण मागण्यास संकोचू नये.

आपल्या मलमाचा हिशेब निराळा, पण थंडी-उन्हाची दखल तीच. सांगलीच्या ४० अंशांच्या उन्हाळ्यात मलम डबीत पातळ होऊ नये म्हणून एक भाग मेणास चार भाग तीळतेल किंवा खोबरेल घ्यावे. महाबळेश्वरच्या हिवाळ्यात, किंवा गुलमर्गला न्यायचे असेल तर, तेल सहा भाग घ्यावे आणि तेही तिळाचेच, कारण खोबरेल थंडीत गोठते. मेण ६२ ते ६५ अंशांना वितळते. ते थेट आचेवर ठेवू नये. गरम पाण्याच्या पातेल्यात दुसरे भांडे ठेवून वितळवावे. मेणाने पेट घेतलाच तर पाणी ओतू नये, झाकण घालून आच बंद करावी.

रात्री पाय कोमट पाण्यात दहा मिनिटे ठेवून, हलके टिपून, टाच दमट असतानाच मलम चोळावे आणि सुती मोजे घालावेत. बोटांच्या बेचक्यांत ते लावू नये. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा. मधुमेही व्यक्तीच्या पायाला पाणी किती गरम आहे, हे घरातल्या दुसऱ्या कोणीतरी कोपर बुडवून पाहावे.

आणि काळपट मेण पदरी पडले असेल तर तेही टाकू नये. कातडी वहाणांना पावसाळ्यापूर्वी चोळले की त्या पाणी कमी पितात.