हुक्का, साखर आणि मजलिस

इराणचा विषय निघाला की आपल्याकडे गोष्ट १९७९च्या क्रांतीपासून सुरू होते. जरा वाचणारा असला तर १९५३पर्यंत मागे जातो: पंतप्रधान मोसादेघांची उचलबांगडी, तेल, अमेरिकेची गुप्तहेर संघटना. मी ज्या काळात रमतो तो काजार घराण्याचा काळ त्याच्याही अलीकडे नाही, पलीकडे आहे, आणि तिथवर सहसा कोणी येत नाही. खरं तर १९७८ साली बाजार बंद ठेवून, मशिदींत जमून, परदेशात बसलेल्या धर्मगुरूचा, खोमेनींचा, शब्द शहराशहरांत पोचवून शाहला जेरीस आणण्याचं जे तंत्र जगाने पाहिलं, ते सत्तर-ऐंशी वर्षं आधीच इराणी लोकांच्या अंगवळणी पडलं होतं. त्या तंत्रात एकत्र येणाऱ्यांची आपसांतली भांडणंही तितकीच जुनी.

सुरुवात तंबाखूपासून करू. मार्च १८९०मध्ये काजार राजा नासिरुद्दीन शाहने मेजर टॅलबट नावाच्या इंग्रजाला तंबाखूचा पन्नास वर्षांचा मक्ता देऊन टाकला. पीक, खरेदी-विक्री, निर्यात, सगळंच. मोबदला काय, तर वर्षाला १५,००० पौंड आणि नफ्याचा चौथा हिस्सा. शाहला युरोपच्या सहलींचा शौक होता आणि तिजोरीत खडखडाट, त्यामुळे सौदा पटकन जमला. पण तंबाखू ही इराणात चैनीची वस्तू नव्हती. हुक्का घराघरांत होता. शेतकऱ्याने माल कंपनीलाच घालायचा, दुकानदाराने कंपनीचाच परवाना घ्यायचा, म्हटल्यावर शिराझपासून तब्रीझपर्यंत व्यापारी खवळले. परधर्मीयांच्या हातचा तंबाखू ओढायचा कसा, हा मुल्लांचा आक्षेप त्यात मिसळला.

डिसेंबर १८९१मध्ये फतवा निघाला: यापुढे तंबाखूचं सेवन म्हणजे गुप्त इमामाविरुद्ध युद्ध. फतवा मिर्झा हसन शिराझींच्या नावाचा होता. शिया पंथातले ते त्या वेळचे सर्वांत मोठे धर्मशास्त्री, आणि राहायला सामर्‍याला, म्हणजे ऑटोमन हद्दीत, शाहचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. फतवा खरोखर त्यांचा की तेहरानच्या एखाद्या व्यापाऱ्याने रचलेला, अशी कुजबुज तेव्हाही होती. शिराझींनी तो नाकारला नाही, आणि तेवढं पुरलं. देशभर हुक्के विझले. शाहच्या जनानखान्यातल्या बायकांनीही हुक्का सोडला आणि नोकर खुद्द शाहसाठी तो भरेनात. मला या सगळ्यात गंमत वाटते ती तारायंत्राची. १८५७नंतर हिंदुस्थानची खबर लंडनला लवकर कळावी म्हणून इंग्रजांनी इराणातून तारा ओढल्या होत्या. मक्त्याविरुद्ध शहरं एकमेकांशी बोलली ती त्या तारांवरूनच.

जानेवारी १८९२मध्ये तेहरानच्या गर्दीवर गोळीबार झाला, माणसं मेली आणि मक्ता पूर्ण रद्द झाला. पण पाणी कुठे मुरलं ते पाहण्यासारखं आहे. कंपनीला नुकसानभरपाई म्हणून ५ लाख पौंड द्यायचे ठरले. ते आणायचे कुठून? इम्पीरियल बँक ऑफ पर्शियाकडून, म्हणजे पुन्हा इंग्रजांकडूनच, आणि तारण काय, तर इराणी आखाताच्या बंदरांवरची जकात. इराणचं हे पहिलं परकीय कर्ज. लोक जिंकले आणि देश कर्जात गेला. चार वर्षांनी शाह तेहरानजवळच्या शाह अब्दुल अझीम दर्ग्यात मारेकऱ्याच्या गोळीला बळी पडला.

दुसरा भडका साखरेचा. रशिया-जपान युद्ध आणि पाठोपाठ रशियातली धामधूम यांमुळे साखर महागली. डिसेंबर १९०५मध्ये तेहरानच्या सुभेदाराने भाव उतरवत नाहीत म्हणून साखरेच्या व्यापाऱ्यांना पकडून त्यांच्या तळपायांवर छड्या मारवल्या. त्यांत सय्यद हाशिम नावाचे वयोवृद्ध, मशिदी बांधणारे, बाजारात मान असलेले गृहस्थ होते. बाजाराच्या फळ्या पडल्या. मुल्ला आणि व्यापारी शाह अब्दुल अझीमच्या दर्ग्यात जाऊन बसले. इराणात याला बस्त म्हणतात: पवित्र जागेत शिरलेल्या माणसाला राजाने हात लावायचा नाही. गादीवर आता मुजफ्फरुद्दीन शाह होता; त्याने न्यायगृह काढण्याचं वचन दिलं आणि ते पाळलं नाही.

मग १९०६च्या उन्हाळ्यात जे झालं ते माझ्या दृष्टीने त्या शतकातलं सर्वांत विलक्षण दृश्य. मुल्ला कुम या पवित्र शहरात निघून गेले आणि व्यापाऱ्यांनी बस्तासाठी जागा निवडली ती इंग्रज वकिलातीची बाग. बघता बघता तिथे बारा ते चौदा हजार माणसं जमली. प्रत्येक धंद्याचा तंबू वेगळा: चांभारांचा, सराफांचा, शिंप्यांचा. कढयांवर कढया चढल्या, खर्च बड्या व्यापाऱ्यांनी उचलला. दारुल फुनून या आधुनिक विद्यालयाचे विद्यार्थी येऊन युरोपातली राज्यघटना कशी चालते यावर भाषणं देऊ लागले. न्यायगृहाची मागणी त्या तंबूंतून फिरता फिरता संसदेची झाली. ५ ऑगस्टला आजारी मुजफ्फरुद्दीन शाहने संसदेच्या फर्मानावर सही केली.

ऑक्टोबरात पहिली मजलिस, म्हणजे संसद, भरली. तेहरानच्या साठ जागांपैकी बत्तीस कारागीर-दुकानदारांच्या संघांना होत्या. बायकांना मत नव्हतं. झरतुष्ट्र्यांचे प्रतिनिधी होते अरबाब जमशीद, नावाजलेले सावकार. या घडामोडींच्या बातम्या आणि टीका छापणारं ‘हब्लुल मतीन’ हे फारसी पत्र निघत होतं कलकत्त्याहून, शाहच्या सेन्सॉरपासून सुरक्षित अंतरावर. इंग्रजांच्या राज्यात इंग्रजांच्या मक्तेदारीवर बोलणाऱ्या शेजाऱ्यांना जागा मिळाली, हाही इतिहासाचाच मिश्कीलपणा.

पुढची कथा धावती सांगतो. १९०७मध्ये इंग्लंड आणि रशिया यांनी इराणची प्रभावक्षेत्रं आपसांत वाटून घेतली. २३ जून १९०८ला नव्या शाहने, मुहम्मद अलीने, रशियन अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या कोसॅक पलटणीकडून मजलिसवर तोफा डागल्या. तब्रीझ सत्तारखानच्या नेतृत्वाखाली उपासमार सोसत लढलं. जुलै १९०९मध्ये घटनेच्या बाजूच्या गिलान आणि बख्तियारी फौजांनी तेहरान घेतलं. १९११च्या अखेरीस रशियाच्या निर्वाणीच्या खलित्यापुढे मजलिस बंद पडली.

मला थांबायचं आहे ते ३१ जुलै १९०९वर. त्या दिवशी तेहरानच्या तोपखाना चौकात शेख फजलुल्ला नूरींना फाशी दिलं. हे गृहस्थ शिराझींचे शिष्य. तंबाखूच्या वेळी ते लढणाऱ्यांत होते, १९०६मध्ये कुमला गेले तेही मुल्लांच्या बाजूनेच. पण मजलिसमध्ये मुसलमान-बिगरमुसलमान कायद्यापुढे सारखे, अशी भाषा सुरू झाली तेव्हा ते बिथरले. माणसांनी कायदे करायचेच कशाला, शरियत आहे ना, हा त्यांचा सवाल. नाही म्हणण्यात सगळे एक होते. काय हवं हे विचारलं की सराफाचं उत्तर वेगळं, विद्यार्थ्याचं वेगळं, शेखांचं वेगळं. नूरींना नुसतं प्रतिगामी म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. आपण कशासाठी लढलो आणि हाती काय आलं, हे त्यांनी इतरांपेक्षा लवकर ओळखलं. ज्या उपायांनी ते अडवू पाहिलं, त्यांचं समर्थन मात्र करवत नाही: ते तोफा डागणाऱ्या शाहच्या बाजूला जाऊन बसले.

त्यांच्या आग्रहामुळे एक कलम मात्र घटनेत शिरलं होतं. १९०७च्या पुरवणी कायद्यानुसार मजलिसचा प्रत्येक कायदा शरियतशी जुळतो की नाही हे पाच धर्मशास्त्र्यांनी तपासायचं होतं. दुसऱ्या मजलिसच्या वेळी त्याचा थोडा प्रयत्न झाला, मग काजारांनंतर आलेल्या पहलवी घराण्याच्या काळात कलम कागदावरच राहिलं. शाह आणि इंग्रज-अमेरिकनांवरची सारी खदखद ज्या खोमेनींनी पुढे एकत्र बांधली, त्यांना ते कलम ठाऊक होतं. १९७९च्या घटनेत पाचांच्या जागी बारा जणांची पालक परिषद आली, सहा धर्मशास्त्री आणि सहा कायदेपंडित. शरियतचा निर्णय मात्र त्या सहा धर्मशास्त्र्यांच्याच हाती, आणि ही परिषद कागदावर राहिली नाही.